सिकलसेलच्या मुलालाही सहलीला न्या : लांबचा रस्ता आणि वॉटर पार्कची तयारी



आपल्या वस्त्यांना लांबचा प्रवास नवा नाही. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, भीमा कोरेगाव येथे आपण वर्षानुवर्षे जातो. आता त्यात एक नवा प्रवास आला आहे. नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता झाल्यापासून चार-पाच कुटुंबे मिळून गाडी ठरवतात. वाटेत छत्रपती संभाजीनगरला लेणी बघायची, दादरला चैत्यभूमीवर वंदना करायची आणि परतण्याआधी मुलांसाठी एक दिवस खोपोलीच्या इमॅजिका पार्कला द्यायचा, असा बेत दिवाळीच्या सुट्टीसाठी होतो. बेत चांगला आहे. कष्ट करणाऱ्या माणसाच्या मुलांनीही पाळण्यात बसावे, पाण्यात खेळावे.

पण या बेतात एक मूल अनेकदा मागे राहते. विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेल आजाराचे प्रमाण बरेच आहे. ज्या घरात असे मूल आहे, तिथे दोनपैकी एक गोष्ट होते. "त्याला झेपणार नाही" म्हणून त्याला आजीजवळ ठेवून बाकीचे जातात. नाहीतर कोणाला काही न सांगता, तयारी न करता त्याला नेतात आणि मूल वाटेत दुखणे घेऊन बसते. सुट्टी संपल्यावर हातपाय धरून रडणारी अशी मुले वॉर्डात दाखल होताना मी पाहिली आहेत. या दोन्हींपेक्षा तिसरा मार्ग आहे. मुलाला न्यायचे, पण सगळ्या सहलीचे वेळापत्रक त्याच्या शरीराला धरून आखायचे. असे वेळापत्रक आजी, गरोदर सून आणि तान्ह्या बाळालाही सोयीचे पडते.

आधी आजार समजून घेऊ

रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा रक्तपुरवठा थांबतो. त्यामुळे जी असह्य वेदना होते, तिला क्रायसिस म्हणतात.

आई-वडील दोघांकडून दोष आला तर मूल सिकलसेलग्रस्त असते. त्याच्या कार्डावर किंवा रिपोर्टवर 'एसएस' लिहिलेले असते. एकाकडूनच दोष आला तर ते वाहक, म्हणजे 'एएस'. वाहक व्यक्ती सहसा निरोगी असते. तिने सगळे पाळणे खेळावेत, फक्त उन्हात फार दमू नये आणि पाणी भरपूर प्यावे. हा लेख मुख्यतः एसएस मुलांसाठी आहे.

पेशी वाकड्या होण्याची मुख्य निमित्ते पाच : शरीरात पाणी कमी पडणे, थंडी, अति थकवा, ताप किंवा जंतुसंसर्ग आणि तापमानात एकदम बदल. आता सहल डोळ्यांपुढे आणा. गाडीत दहा तास पाणी कमी प्यायले जाते, एसीची थंड हवा अंगावर येते, मग वॉटर पार्कचे गार पाणी, झोप अपुरी, खाणे बाहेरचे. पाचही निमित्ते एकाच सहलीत भेटतात. म्हणून एकेकीचा बंदोबस्त आधी करायचा.

निघण्याच्या तीन आठवडे आधी

जिथे मुलाचे उपचार चालू आहेत तिथल्या डॉक्टरांना भेटा आणि कुठे, किती दिवस, कोणत्या गाडीने जाणार ते सांगा. नुकताच क्रायसिस किंवा ताप येऊन गेला असेल, रक्त चढवावे लागले असेल, तर आता प्रवास करायचा की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. सहल महिनाभर पुढे गेली तर काही बिघडत नाही.

डॉक्टरांकडून एक चिठ्ठी लिहून घ्या. त्यात मुलाचे नाव, वजन, रक्तगट, चालू औषधे आणि त्यांची मात्रा, कोणत्या औषधाची ॲलर्जी, दुखल्यावर कोणते औषध किती द्यायचे आणि मुलाचे नेहमीचे हिमोग्लोबिन किती, एवढे असावे. शेवटची गोष्ट फार कामाची. एसएस मुलाचे हिमोग्लोबिन बरे असतानाही बहुधा ७ ते ९ च्या दरम्यान असते. वाटेतल्या अनोळखी डॉक्टरांना हे माहीत नसेल, तर आकडा एकदम घसरला आहे की नेहमीचाच आहे हे त्यांना कळणार नाही. चिठ्ठीचा फोटो दोन मोबाईलमध्ये ठेवा.

हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड आणि लहान मुलांची पेनिसिलिन ही रोजची औषधे सहलीत एक दिवसही चुकवू नका. जेवढे दिवस जाणार त्यापेक्षा चार दिवसांची जास्त घ्या आणि दोन पिशव्यांत विभागून ठेवा. एक पिशवी हरवली तरी दुसरी राहते. औषधे डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका.

गाडी आणि चालक

भाड्याची गाडी पिवळ्या नंबर प्लेटचीच ठरवा. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने नेली आणि अपघात झाला, तर विम्याचे पैसे अडकू शकतात. जेवढी आसने तेवढीच माणसे बसवा. "लेकरू मांडीवर बसेल" म्हणून माणसे वाढवू नका. पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेणे तर कधीच नको. जोरात ब्रेक लागला तर आईचे हात ते धरू शकत नाहीत. मागच्या सीटवरही पट्टा लावा.

समृद्धीवर छोट्या गाड्यांना ताशी १२० किलोमीटरपर्यंत परवानगी आहे, पण भरलेल्या गाडीने त्या वेगाला जाण्याची गरज नाही. निघण्याआधी टायर आणि हवा तपासून घ्या. सरळ, मोकळ्या रस्त्यावर चालकाचे डोळे उघडे असूनही मेंदू सुस्तावतो. याला महामार्ग संमोहन म्हणतात. रात्रीच्या प्रवासात झोपेची भर पडते. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ बसचा अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी दगावले. "रात्री निघू, मुले झोपतील, लॉजचे भाडे वाचेल" हा हिशोब सोडा. पहाटे पाच-साडेपाचला निघा आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोचा.

नागपूरहून एका दमात मुंबई गाठू नका. पहिला मुक्काम छत्रपती संभाजीनगरला ठेवा. तिथे बाबासाहेबांनी उभे केलेले मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवन आहे, विद्यापीठामागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. वेरूळला जायचे असेल तर ते मंगळवारी बंद असते आणि अजिंठा सोमवारी, हे लक्षात ठेवा. लेण्यांच्या चढावर एसएस मुलाला पळू देऊ नका. थांबत, पाणी पीत चढवा. धाप लागली तर खालीच बसवा.

पाणी आणि लघवी : सर्वात महत्त्वाचा भाग

२० किलो वजनाच्या निरोगी मुलाला दिवसाला सुमारे दीड लिटर पाणी लागते. सिकलसेल असलेल्या तेवढ्याच मुलाला दोन ते सव्वादोन लिटर द्यावे, उन्हात त्याहून थोडे जास्त. मोठ्या एसएस माणसाला तीन ते चार लिटर. किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढेच.

इतर मुलांबाबत आपण म्हणतो, लघवी पिवळी झाली की पाणी कमी पडले. एसएस मुलाला हा नियम लागू पडत नाही. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची ताकद कमी होते. शरीरात पाणी कमी असले तरी लघवी फिकटच दिसते. म्हणून लघवीचा रंग बघू नका, बाटल्या मोजा. मुलाच्या नावाची एक लिटरची बाटली वेगळी ठेवा. वर सांगितलेल्या मुलाची पहिली बाटली अकराच्या आत आणि दुसरी संध्याकाळी पाचच्या आत संपली पाहिजे. उरलेले रात्री. दर अर्ध्या तासाला चार घोट, तहान नसली तरी. कोल्ड्रिंक आणि चहा यांना पाण्यात धरू नका. ताक, लिंबू सरबत, भाताची पेज चालते.

याच कारणामुळे या मुलांना लघवीला वारंवार लागते, आणि बरीच मोठी झाली तरी काही मुले रात्री अंथरूण ओले करतात. हा आजाराचा भाग आहे, आळस नाही. लॉजवर सगळ्यांसमोर रागावू नका. प्लास्टिकची चादर आणि दोन जास्तीच्या चड्ड्या सोबत घ्या.

आता सहलीतली नेहमीची चूक. समृद्धीवर पंप आणि स्वच्छतागृहे एकमेकांपासून लांब आहेत आणि रस्त्याच्या कडेला गाडी थांबवणे धोक्याचे आहे. म्हणून मोठी माणसे म्हणतात, "पाणी कमी पी, मग लघवीला लागणार नाही." आपल्या बाया तर स्वतःही घसा कोरडा ठेवून प्रवास करतात. हे वाक्य सिकलसेलच्या मुलाला थेट दवाखान्यात नेते. चालकाला निघण्याआधीच सांगा : दर दीड-दोन तासांनी, जिथे स्वच्छतागृह दिसेल तिथे गाडी थांबेल. कोणी मागितले नाही तरी थांबेल. तेवढ्यात चालकाचेही पाय मोकळे होतात. लहान मुलांसाठी झाकणाचा डबा गाडीत ठेवा. बायांनीही पाणी प्यावे. पाणी कमी पिऊन लघवी रोखून धरल्याने लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग बळावतो.

गाडीतली थंडी, खाणे आणि उलटी

एसीचा झोत मुलाच्या अंगावर येणार नाही असे बसवा. हातपाय झाकलेले असावेत, मोजे घाला, चादर जवळ ठेवा. उन्हातून आल्याबरोबर एसी जोरात लावू नका.

पहिल्या दिवसाचे जेवण घरचे न्या : पोळी, कोरडी भाजी, चटणी, शेंगदाण्याचे लाडू, केळी. उघड्यावर कापलेली फळे आणि बर्फाचे गोळे टाळा. जुलाब लागले की अंगातले पाणी झपाट्याने जाते आणि क्रायसिसला निमित्त मिळते. ओआरएसची पाच-सहा पाकिटे ठेवा. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पिण्याच्या पाण्यात कालवा, अर्धे-पाऊण करू नका, आणि २४ तासांनी उरलेले फेकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

गाडी लागत असेल त्याला मधल्या रांगेत, समोरचा रस्ता दिसेल असे बसवा. मोबाईल बघू देऊ नका. पोट गच्च भरलेले नको आणि रिकामेही नको. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच. उलटी झाली की गेले तेवढे पाणी घोटाघोटाने परत द्या.

पार्कमधला दिवस

आदल्या दिवशी लवकर मुक्काम करा आणि मुलाला पूर्ण झोप मिळू द्या. पार्कला आधी फोन करून दोन गोष्टी विचारा : औषधे, ओआरएस आणि पाण्याची बाटली आत नेता येते का, आणि प्रथमोपचार कक्ष कुठे आहे. आत शिरल्यावर आधी तो कक्ष आणि सावलीची एक जागा बघून ठेवा. घरातली दोन मोठी माणसे पाळीपाळीने मुलाजवळ राहतील असे ठरवा.

कोरडे, हळू चालणारे पाळणे, गाड्या, शो आणि मिरवणुका यांत मूल मनसोक्त जाऊ द्या. सकाळी दोन तास, मग सावलीत जेवण आणि एक तास आडवे पडणे, मग पुन्हा दोन तास, असा दिवस आखा. तिकिटाचे पैसे वसूल करण्यासाठी दिवसभर पळवू नका.

जोरात झटके देणारे आणि उलटे फिरवणारे पाळणे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ज्या मुलाची प्लीहा, म्हणजे पानथरी वाढलेली आहे किंवा ज्याला पूर्वी झटका किंवा लकवा येऊन गेला आहे, त्याच्यासाठी तर नाहीच. वाढलेल्या प्लीहेला पट्ट्याचा दाब आणि झटका धोक्याचा असतो. गरोदर बाया, हृदयाचे आणि रक्तदाबाचे रुग्ण, मान-कंबरेचे दुखणे असलेले यांनीही अशा पाळण्यांपासून दूर राहावे. तसे फलक तिथे लावलेले असतात. ते वाचा.

वॉटर पार्कबाबत आधी डॉक्टरांचे मत घ्या. पूर्वी कधी पाण्यात खेळल्यावर किंवा पावसात भिजल्यावर मूल दुखले असेल, तर पाण्यात उतरवू नका. डॉक्टरांनी हो म्हटले तर हे पाळा :

१. दुपारच्या उन्हातच. सकाळी लवकर आणि संध्याकाळी नाही.
२. आधी हात घालून पाणी बघा. गार लागले तर नाही.
३. एका वेळी दहा मिनिटे. घड्याळ मोठ्या माणसाच्या हातात.
४. बाहेर आले की लगेच कोरडा टॉवेल, कोरडे कपडे, डोके पुसणे, मग कोमट पाणी किंवा दूध. ओल्या कपड्यात रांगेत उभे करू नका.
५. ओठ निळे दिसले किंवा हुडहुडी भरली तर त्या दिवसाचे पाणी संपले.

कृत्रिम बर्फाच्या पार्कमध्ये तापमान शून्याखाली ठेवलेले असते. तिथे एसएस मुलाला नेऊ नका, जाड कोट घालूनही नाही. तेवढ्या वेळात बाकीच्यांपैकी एकाने त्याला आवडत्या पाळण्याकडे न्यावे. एकटे बसवून ठेवू नये.

दुखायला लागले तर

मुलाला निघण्याआधीच सांगून ठेवा : "दुखले की लगेच सांग, कोणी रागावणार नाही, तुझ्यामुळे सहल बिघडणार नाही." सगळ्यांची मजा जाईल म्हणून मुले दुखणे गिळतात, आणि पहिले दोन तास वाया जातात.

दुखू लागले की खेळ थांबवा, उबदार जागी झोपवा, पाणी द्या, चिठ्ठीत लिहिलेले वेदनाशामक त्याच मात्रेत द्या. दुखऱ्या जागी कोमट शेक द्या. बर्फ कधीच लावू नका. ॲस्पिरिन देऊ नका. दीड-दोन तासांत उतार पडला नाही तर दवाखाना.

खालीलपैकी एकही लक्षण दिसले तर वाट न पाहता दवाखाना :

१. ताप १०१ किंवा जास्त. या मुलांची प्लीहा नीट काम करत नाही, त्यामुळे जंतुसंसर्ग वेगाने पसरतो. तापाची गोळी देऊन पुढचा प्रवास करू नका.
२. छातीत दुखणे, धाप लागणे.
३. एकदम पांढरेफटक पडणे, पोट फुगणे, डाव्या बरगडीखाली गाठ लागणे.
४. तोंड वाकडे होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, झटके, जोराची डोकेदुखी.
५. मुलग्याच्या लिंगाला ताठरपणा येऊन दुखत राहणे. मुले लाजेने सांगत नाहीत, आधी समजावून ठेवा. दोन तासांपलीकडे गेले तर ही तातडीची वेळ आहे.

रुग्णवाहिकेसाठी १०८ मोफत आहे. महामार्गावरून फोन करताना जवळच्या दगडावरचा किलोमीटर आकडा आणि गाडी मुंबईकडे चालली आहे की नागपूरकडे, हे दोन्ही सांगा. वाटेत सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरची घाटी, पुढे पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय ही नावे वहीत लिहून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य हेच : "मूल सिकलसेल एसएस आहे, ही चिठ्ठी."

सोबतच्या लोकांना सांगायचे का?

होय. पोरीचे लग्न अडेल, लोक काय म्हणतील, या भीतीने आया शेजाऱ्यांपासून आजार लपवतात. मग गाडी थांबवा म्हणायला संकोच वाटतो, आणि पाण्याची बाटली पुढे करायलाही. निदान चालकाला आणि सोबतच्या दोन जाणत्या माणसांना सांगाच. सिकलसेल शिवल्याने, उष्टे खाल्ल्याने पसरत नाही. तो कोणाच्या कर्माचे फळ नाही, रक्तातला आनुवंशिक दोष आहे. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन, सोबत्यांनी सोडून दिलेल्या आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने धुतले आणि अंथरुणावर निजवले, ही विनयातली कथा आपण विहारात ऐकतो. सोबत निघालेल्यांपैकी जो आजारी आहे त्याची जबाबदारी सगळ्यांची, हा त्यातला धडा सहलीच्या गाडीतही लागू आहे.

आदल्या रात्रीची यादी

डॉक्टरांची चिठ्ठी आणि सिकलसेल कार्ड. औषधांच्या दोन पिशव्या. थर्मामीटर. ओआरएस. नावाची पाण्याची बाटली. कोमट पाण्याचा थर्मास आणि शेकाची पिशवी. स्वेटर, मोजे, कानटोपी. दोन टॉवेल, तीन जोडी कपडे. प्लास्टिकची चादर. आजी-आजोबांच्या रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या. इन्सुलिन असेल तर थर्मासमध्ये, बर्फाला थेट लागू न देता. गरोदर बाईचे तपासणी कार्ड.

आणि एक काम सहलीच्या आधीचे. गाडीत बसणाऱ्या सगळ्या मुलांची सिकलसेल तपासणी झाली आहे का, हे विचारा. झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात करून घ्या, ती मोफत होते. आई-वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल ग्रस्त होण्याची शक्यता चारात एक असते, आणि वरून दोघेही ठणठणीत दिसतात. मंडळाच्या बैठकीत सहलीची वर्गणी लिहाल त्याच वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे "तपासणी झाली / नाही" असा एक रकाना पाडा. ज्यांच्यापुढे "नाही" आहे, त्यांना गाडीची आगाऊ रक्कम देण्याआधी घेऊन जा.